सप्टेंबरच्या तोंडावर बाकावर कोणाला घ्यावं?

प्रश्न असा आहे: मेजर लीग बेसबॉलमधला एक संघ ऑगस्ट संपत आला असताना आपल्या विभागात दोन-तीन सामन्यांनी पुढे आहे. रोजचे नऊ जण ठरलेले आहेत. बाकावर मात्र एक-दोन जागा भरायच्या आहेत. चाहत्यांत तीन तट पडलेत. एकाला वेव्हर्सवर, म्हणजे संघाने सोडलेल्या आणि इतरांना उचलता येणाऱ्या खेळाडूंच्या यादीवर, आलेला मोठ्या नावाचा बॅटर हवाय, दुसऱ्याला बेस चोरणारा, म्हणजे पिचर चेंडू टाकत असतानाच पुढच्या बेसवर पळणारा, धावपटू, आणि तिसरा म्हणतो की ट्रिपल-ए, म्हणजे मायनर लीगच्या सगळ्यात वरच्या पायरीवरचा आपलाच पोरगा वर आणा. बरोबर कोण?

हा माणूस कितव्या डावात आणि कोणाच्या जागी उतरणार, हे कागदावर लिहिल्याशिवाय तिघांपैकी कोणालाच बरोबर म्हणता येत नाही. वाद आकड्यांवर रंगतो, पण बाकावरच्या माणसाला सप्टेंबरभरात बॅट हातात घ्यायला मिळते जेमतेम तीस-चाळीस वेळा. .270 सरासरीचा बॅटर आणि .240चा बॅटर यांच्यात चाळीस संधींत फरक पडतो तो एका हिटचा. त्या एका हिटसाठी लोक आठवडाभर भांडतात आणि सातव्या डावानंतर शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा) कोण उभं राहणार, हे कोणी विचारत नाही.

क्रिकेटच्या सवयीने पाहणाऱ्यांनी एक नियम डोक्यात पक्का बसवावा. बेसबॉलमध्ये बदली खेळाडू पूर्ण खेळाडू असतो, बॅटिंगच्या क्रमात तो बाहेर गेलेल्याचीच जागा घेतो, आणि बाहेर गेलेला त्या सामन्यात पुन्हा येत नाही. त्यामुळे प्रत्येक बदलीची किंमत असते आणि ती बहुतेक वेळा दोन डावांनी वसूल होते.

आधी जागांचा हिशेब. रोस्टर, म्हणजे संघाची खेळाडूंची यादी, 26 जणांचं, त्यात पिचर जास्तीत जास्त 13. उरले 13. त्यातले नऊ, म्हणजे डीएच (पिचरऐवजी फक्त बॅटिंग करणारा) धरून, मैदानात. बाकावर चार. 1 सप्टेंबरपासून रोस्टर 28चं होतं आणि पिचरची मर्यादा 14, म्हणजे बाकावर पाच. 2020च्या आधी सप्टेंबरमध्ये चाळीसपर्यंत माणसं बसवता यायची, तेव्हा नुसत्या धावण्यासाठी किंवा नुसत्या तिसऱ्या कॅचरसाठी जागा अडवणं परवडायचं. आता ते दिवस गेले. शिवाय ऑक्टोबरमध्ये, म्हणजे बाद फेरीत, रोस्टर पुन्हा 26वर येतं. तिथे पाचवा माणूस ठेवायचा तर एक पिचर कमी करून 12वर यावं लागतं. मालिकेत विश्रांतीचे दिवस असतील तर ते जमतं, सलग सामने आले तर बुलपेन, म्हणजे बदली पिचरांचा ताफा, रडकुंडीला येतो.

चारपैकी दोन जागांवर वाद नसतोच. एक राखीव कॅचर. दुसरा शॉर्टस्टॉप खेळू शकणारा माणूस, आणि इथे ‘खेळू शकणारा’ म्हणजे गेल्या तीन-चार महिन्यांत तिथे खरोखर उभा राहिलेला. नावापुढे युटिलिटी (अनेक जागी खेळणारा) लिहिलंय पण दोन वर्षं फक्त दुसरा बेस आणि लेफ्ट फील्ड केलंय, असा माणूस शॉर्टस्टॉप धरू नये. खोलातून पहिल्या बेसपर्यंतचा थ्रो हात विसरतो. तिसरी जागा सेंटर फील्ड झेपणाऱ्या आउटफिल्डरची, आणि शक्य असेल तर त्याचेच पाय धावपटू म्हणूनही वापरायचे. खरा वाद चौथ्या आणि सप्टेंबरमधल्या पाचव्या जागेचा.

आता तारखा, कारण अर्धे वाद तारीख उलटून गेल्यावर होतात. ट्रेडची, म्हणजे संघांतल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची, मुदत जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला संपते. 2019पासून ही एकच मुदत आहे. ऑगस्टमध्ये वेव्हर्समधून ट्रेड करायची जुनी पळवाट बंद झाली. ऑगस्टमध्ये माणूस मिळवायचे मार्ग उरतात ते असे: दुसऱ्या संघाने वेव्हर्सवर टाकलेल्याला क्लेम करणं, म्हणजे त्याच्यावर हक्क सांगणं, मोकळा झालेल्याला करारबद्ध करणं, किंवा या मोसमात कोणत्याच संघाच्या 40 जणांच्या मोठ्या रोस्टरवर न आलेला मायनर लीगचा खेळाडू ट्रेडमध्ये घेणं. हा शेवटचा मार्ग चाहते विसरतात. पण चौथ्या आउटफिल्डरसाठी किंवा तिसऱ्या कॅचरसाठी तोच सगळ्यात स्वस्त असतो.

ऑक्टोबरमध्ये खेळवायचं असेल तर खेळाडू 31 ऑगस्टच्या मध्यरात्रीपूर्वी तुमच्या संस्थेत असायला हवा. मेजर लीगमध्येच असायला हवा असं नाही, मायनरमध्ये असला तरी चालतो. रोस्टरवरचा कोणी जखमी झाला तर त्याच्या जागी असा खेळाडू आयुक्तांच्या कार्यालयाकडे अर्ज करून घेता येतो. एंजल्सच्या फ्रान्सिस्को रॉड्रिगेझने 2002मध्ये पदार्पणच सप्टेंबरात केलं, ऑक्टोबरात तो याच वाटेने आला आणि पाच सामने जिंकून गेला. पण 1 सप्टेंबरला बाहेरून घेतलेल्या माणसाला ही वाट नाही. वेव्हर्सला दोन दिवस लागतात, म्हणजे जो 29 ऑगस्टपर्यंत वेव्हर्सवर पडला नाही, त्याच्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

रांगेचं गणितही लक्षात घ्या. क्लेमचा पहिला हक्क सगळ्यात वाईट कामगिरीच्या संघाला. तुम्ही आघाडीवर म्हणजे रांगेत शेपटाला. 2023च्या ऑगस्टअखेर एंजल्सनी एकदम सहा जणांना वेव्हर्सवर सोडलं, तेव्हा लुकास जिओलिटो, मॅट मूर आणि रेनाल्डो लोपेझ हे तिन्ही पिचर क्लीव्हलँडने उचलले, आणि क्लीव्हलँडचा शेवट 76-86 असा झाला. आघाडीचे संघ बघत राहिले. बॅटरांमधला हंटर रेनफ्रो सिनसिनाटीला गेला, यांकीजनी सोडलेला हॅरिसन बेडरही तिथेच. रेनफ्रोने तिथे .128ने बॅटिंग केली, बेडरने .161ने. रेनफ्रोला सप्टेंबर संपायच्या आतच मोकळं केलं. 82 सामने जिंकूनही सिनसिनाटीची बाद फेरी दोन सामन्यांनी हुकली. यावरून ते दोघे वाईट होते असं म्हणणं चूक आहे, चौदा-चौदा सामन्यांत काहीच सिद्ध होत नाही. पण तुमच्याही हातात तेवढेच सामने असणार आहेत, आणि तेवढ्यात बॅट चालेल की नाही हे नशिबावर आहे. हातमोजा, म्हणजे क्षेत्ररक्षण, आणि पाय मात्र पहिल्या दिवसापासून हजर असतात.

पैशांचं म्हणाल तर क्लेम केला की उरलेला पूर्ण पगार तुमच्या डोक्यावर. वर्षाला 1 कोटी 20 लाख डॉलरचा करार असलेल्या माणसाचे शेवटचे तीस दिवस साधारण 19 लाख डॉलरचे पडतात, कारण मोसम 186 दिवसांच्या आसपास धरतात. तोच माणूस कोणी क्लेम न करता मोकळा झाला आणि मग तुम्ही घेतला, तर तुम्हाला फक्त किमान पगाराचा तेवढ्या दिवसांचा हिस्सा द्यायचा. 2025चा किमान पगार 7 लाख 60 हजार धरला तर तीस दिवसांचे सव्वा लाखाच्या आत. बाकीचं जुना संघ भरतो. म्हणून ‘थांबा, मोकळा होऊ द्या’ हा सल्ला चुकीचा नसतो, फक्त 31 तारखेचं घड्याळ डोक्यावर टिकटिकत असतं. चैनीच्या कराच्या (पगाराचा एकूण खर्च मर्यादेबाहेर गेला की लागणारा) सगळ्यात वरच्या पायरीवर सलग तिसऱ्या वर्षी बसलेल्या संघाला तर प्रत्येक जादा डॉलरवर 1 डॉलर 10 सेंट कर पडतो. तिथे 19 लाखांचा बाकावरचा बॅटर चाळीस लाखांना जातो.

आता धावपटूचा तट. बरोबरीत नववा डाव, कोणी बाद नाही, पहिल्या बेसवर माणूस आहे. अनेक वर्षांच्या सरासरीने अशा स्थितीत निदान एक धाव निघण्याची शक्यता साधारण 43 टक्के. तोच माणूस दुसऱ्या बेसवर असेल तर 62च्या आसपास. चोरताना बाद झाला आणि बेस रिकामे, एक बाद, तर 16. मांडून पाहा: चोरी साठ टक्के वेळा साधली तरी सौदा बरोबरीत सुटतो. आणि 2023पासून बेस 15 इंचांवरून 18 इंचांचे झाले, बेसवरच्या माणसाला रोखायला पिचरला एका बॅटरमागे दोनदाच फुकट पाटीवरून पाय काढता येतो, म्हणून यशाचं प्रमाण लीगभर ऐंशी टक्क्यांच्या घरात गेलं. ऐंशी टक्क्यांचा माणूस 43चे 53 करून देतो. एका हालचालीत दहा टक्के! बाकावरचा कोणताही बॅटर एवढं देत नाही.

मात्र याची दुसरी बाजू दाखवायला डॉजर्सविरुद्धच्या 2025च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अजिंक्यपदाच्या मालिकेचा, सातवा सामना पुरे. टोरांटो ब्लू जेजनी ऑगस्टच्या अगदी शेवटी पिट्सबर्गकडून वेव्हर्सवर आयझाया काइनर-फलेफाला उचललं होतं. निवड उत्तमच होती. तिसऱ्या बेसवरचा 2020चा गोल्ड ग्लव, शॉर्टस्टॉप आणि दुसरा बेस दोन्ही चालतात, पूर्वी टेक्सासकडे चक्क कॅचर म्हणूनही खेळलेला. आठवड्याभरात बो बिशेटचा गुडघा दुखावला तेव्हा हाच माणूस कामी आला. सातव्या सामन्यात (भारतात ती रविवारची, 2 नोव्हेंबरची सकाळ) नवव्या डावाच्या उत्तरार्धात 4-4 असताना एक बाद झाल्यावर बिशेटने हिट मारला आणि दुखऱ्या गुडघ्याच्या बिशेटऐवजी काइनर-फलेफा धावायला आला. तोवर सगळं पुस्तकाप्रमाणे. पुढे बेस भरले, तो तिसऱ्यावर पोहोचला. डॉल्टन वार्शोने दुसऱ्या बेसकडे घरंगळता चेंडू मारला, डॉजर्सच्या मिगेल रोहासचा तोल गेला, तरी त्याने होमला, म्हणजे धाव जिथे पुरी होते त्या प्लेटकडे, फेकला आणि काइनर-फलेफा थोडक्यात बाद झाला. त्याने बेसपासून घेतलेलं अंतर, म्हणजे लीड, फारच लहान होतं यावर रण माजलं. सरळ ड्राइव्हवर दुहेरी बाद होऊ नये म्हणून बेसजवळ राहायची सूचना होती, असं त्याने नंतर सांगितलं. आदल्याच रात्री अॅडिसन बार्जर दुसऱ्या बेसवर तसाच सापडून सामना संपला होता, त्यामुळे ती भीती अनाठायी नव्हती. पण बेस भरलेले असताना होमवर टॅग लागत नाही, प्लेटवर पाय पुरतो. तिथे एक पाऊल जास्त घ्यावंच लागतं, असं माझं मत.

लीडवरच लोक अडकले. खरी वसुली अकराव्या डावात झाली. 5-4 मागे, व्लादिमीर गरेरोने डबल मारला, दुसऱ्या बेसवर माणूस, कोणी बाद नाही, आणि बॅटिंगला बिशेटची जागा. ज्या बिशेटने तिसऱ्या डावात शोहेई ओहतानीला तीन धावांचा होमरन मारला होता तो बाहेर बसलेला. काइनर-फलेफाने बंट करून, म्हणजे चेंडू बॅटने हलकेच टेकवून, गरेरोला तिसऱ्यावर नेलं, बार्जरला वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर फुकट पहिला बेस) मिळाला, अलेहांद्रो कर्कच्या चेंडूवर दुहेरी बाद, खेळ खलास. बिशेटला नवव्यात काढणं चूक नव्हतं, त्या गुडघ्याने तो पहिल्यावरून धावला असता तर आणखी वाईट. पण धावपटू उतरवताना ही जागा पुन्हा येईल का, आणि आली तर कोण मारेल, हे त्याच क्षणी मोजायचं असतं. क्रमातला तिसरा-चौथा बॅटर काढला तर जादा डावांत ती जागा हटकून परत येते. ऑक्टोबरात तर दहाव्या डावापासून दुसऱ्या बेसवर फुकट माणूस ठेवायचा नियमही नसतो, डाव लांबतात.

2004मध्ये बॉस्टनने हे कसं केलं ते पाहा. डेव्ह रॉबर्ट्सला 31 जुलैला आणलं, आणि त्याच दिवशीच्या दुसऱ्या व्यवहारात पहिल्या बेसचा उत्तम क्षेत्ररक्षक डग मेंटकेविचलाही. यांकीजविरुद्ध चौथ्या सामन्यात नवव्या डावात केव्हिन मिलारला मारियानो रिव्हेराने वॉक दिला, रॉबर्ट्स त्याच्या जागी आला, पहिल्याच चेंडूवर दुसरा बेस चोरला, बिल म्यूलरच्या हिटवर बरोबरी. मिलार हा पहिल्या बेसचा माणूस गेला तर तिथे मेंटकेविच तयार होता. एका बदलीमागे दुसरी बदली आधीच बसवलेली. दुसऱ्या दिवशीच्या सामन्यातही रॉबर्ट्स धावून बरोबरीची धाव करून आला. त्यानंतर वर्ल्ड सिरीजमध्ये त्याला एकदाही उतरवलं नाही, आणि तरी तो व्यवहार वाया गेला असं कोणी म्हणणार नाही. 2025च्या त्या सातव्या सामन्यात समोरच्या डगआउटमध्ये मॅनेजर म्हणून बसला होता तो हाच रॉबर्ट्स. नवव्या डावात बेस भरलेले असताना त्याने अॅंडी पाहेसला हात आणि पाय बघून सेंटर फील्डला आणलं, आणि भिंतीजवळ कीके हर्नांडेझला धडकून पाहेसने घेतलेल्या झेलाने तो डाव संपला. पाहेसची बॅट त्या मालिकेत गप्पच होती.

मोठ्या नावाच्या बॅटरकडे येतो. पिंच हिटर, म्हणजे ऐनवेळी दुसऱ्याच्या जागी बॅटिंगला पाठवलेला, स्वतःच्याच नेहमीच्या पातळीपेक्षा साधारण दहाव्या हिश्शाने कमी मारतो, हे दशकांच्या आकड्यांत दिसतं. थंड बसून उठायचं आणि समोर ताजा रिलिव्हर, म्हणजे नंतर उतरलेला पिचर, 97-98 मैलांचा. रोज चार वेळा खेळायची सवय असलेल्या जुन्या स्टारला हे सगळ्यात जड जातं. त्याचे आकडे बघताना सरासरी बाजूला ठेवा आणि वेगवान फास्टबॉलवर त्याचे किती स्विंग हुकतात ते पाहा. डावखुऱ्या पिचरविरुद्ध या मोसमात .340, या वाक्यावर तर अजिबात जाऊ नका. ते साठ संधींचं असतं. उजव्या हाताच्या बॅटरचा डावखुऱ्यांवरचा खास कल खरा की योगायोग, हे ओळखायला दोन हजारांच्या आसपास संधी लागतात. तोवर दोघांतला एकंदर चांगला बॅटर घ्या.

तरीही उजव्या हाताची एक बॅट हवी, आणि 2020नंतर जास्त हवी. त्या वर्षापासून रिलिव्हरला निदान तीन बॅटर टाकावे लागतात किंवा डाव संपावा लागतो. समोरच्याने तुमच्या दोन डावखुऱ्यांसाठी डावखुरा पिचर आणला आणि मध्ये तुम्ही उजवा पिंच हिटर घातला, तर पिचरला पळता येत नाही. पण त्या पिंच हिटरला मैदानात जागा नसेल तर पुढच्या अर्ध्या डावात त्याच्यासाठी आणखी एक माणूस खर्ची पडतो. एका बॅटिंगला दोन माणसं! चार जणांच्या बाकात हे परवडत नाही. म्हणून बॅट घ्या, पण कोपऱ्यातलं आउटफिल्ड किंवा पहिला बेस लाज न आणता सांभाळणारी. 2000 सालच्या ऑगस्टमध्ये यांकीजनी वेव्हर्सवर होझे कान्सेको घेतला, चारशेच्या वर होमरन मारलेला. त्याच महिन्यात पिट्सबर्गकडून गाजावाजा न करता लुइस सोहो आणला. वर्ल्ड सिरीजमध्ये कान्सेकोला एकच संधी मिळाली, स्ट्राइकआउट. पाचव्या सामन्यात नवव्या डावात मेट्सच्या अॅल लायटरला हिट मारून अजिंक्यपद आणलं ते मागाहून मैदानात उतरलेल्या सोहोने. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा म्हणतात ते असं.

कॅचरबद्दल एक सावधगिरी. मुख्य कॅचर डीएच म्हणून आणि राखीव कॅचर प्लेटमागे, अशी रचना सप्टेंबरमध्ये मोहात पाडते. राखीव जखमी झाला आणि डीएचला कॅचिंगला न्यावं लागलं, तर त्या सामन्यापुरता डीएच गेला, पिचरला बॅट धरावी लागते. हे करायचंच असेल तर पाचव्या जागेवर तिसरा कॅचर, नाहीतर काइनर-फलेफासारखा कधीकाळी मास्क घातलेला माणूस हवा.

ट्रिपल-एमधल्या पोराला पाडू नका. तो 40 जणांच्या रोस्टरवर नसेल तर त्याच्यासाठी कोणाला तरी काढावं लागतं, आणि काढलेला वेव्हर्सवर हातचा जातो. पण डिसेंबरच्या रूल 5 ड्राफ्टपासून (ज्यात दुसरे संघ रोस्टरबाहेरचे खेळाडू उचलू शकतात) वाचवायला त्याला नोव्हेंबरमध्ये रोस्टरवर घ्यायचंच असेल, तर दोन महिने आधी घेतल्याने काही बिघडत नाही. मोसमभर कोणी लांबच्या दुखापतीत असेल तर त्याला जखमींच्या 60 दिवसांच्या यादीवर हलवून जागा करता येते. 2025च्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात नवव्या डावात बार्जरचा चेंडू भिंतीच्या तळाशी रुतला, तेव्हा सेंटर फील्डला होता त्याच मोसमात पदार्पण केलेला डॉजर्सचा जस्टिन डीन. त्याने चेंडूला हात न लावता दोन्ही हात वर केले. डबल जाहीर झाला, धाव प्लेटवरून परत तिसऱ्या बेसवर गेली. चेंडू उपसून फेकला असता तर खेळ चालूच राहिला असता. असा माणूस बहुतेक वेळा आपल्याच घरात असतो.

तुमच्या संघासाठी म्हणून: सातव्या डावानंतर तुम्ही ज्या तिघांना काढणार, त्यांची नावं लिहा, प्रत्येकासमोर बाकावरचा माणूस लिहा. ज्या नावासमोर कोणीच नाही, तीच तुमची रिकामी जागा. शॉर्टस्टॉपसमोर रिकामं असेल तर बाकीची चर्चा बंद करून वेव्हर्सची यादी उघडा. हातमोजा आणि सेंटर फील्ड सुरक्षित असतील, तर चौथ्या जागेवर मैदानात चालणारी उजवी बॅट, आणि पाचव्यावर धावपटू. मोठ्या नावाचा डीएच यातल्या कोणत्याही ओळीत बसत नसेल तर फुकट मिळाला तरी नको. आणि जो येईल त्याला सप्टेंबरभर आठवड्यातून दोनदा तरी सुरुवातीपासून खेळवा. महिनाभर नुसता बसवलेला माणूस ऑक्टोबरमध्ये पहिल्या फास्टबॉलला उशिराच पोहोचतो.